मधली सुट्टी : मुलांच्या हक्काचा वेळ

(प्राथमिक शिक्षक, शिक्षण विभागातील अधिकारी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर नवीन जालना येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘जालना सोने का पालना’ ही म्हण या भागात पिढ्यानपिढ्या लोकांच्या तोंडी आहे. ज्या नगरीची ओळख पाळण्याच्या रूपाने सांगितली जाते, तेथे मुलांच्या दिनक्रमातील एका लहानशा वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार व्हावा, हे उचितच होय. तो प्रश्न म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीचा.

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवीन जालना अशी या शहराची रचना आहे. मोंढ्याची उलाढाल, बियाण्यांचा व्यवसाय आणि लोखंडी सळयांचे कारखाने यांमुळे शहराचे नाव दूरवर गेले आहे. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत कष्टकरी घरांचा दिवस पहाटेच सुरू होतो. कोणी कपाशीच्या वेचणीला जातो, कोणी सीडप्लॉटवर, कोणी हमालीला, कोणी कारखान्यात. आईवडील घराबाहेर पडतात तेव्हा मूल कधी झोपेत असते, तर कधी धाकट्या भावंडाला सांभाळत असते. शाळेत येताना त्याच्या पोटात काय असते? एखाद्याच्या पोटात चहा आणि रात्रीची भाकरी असते, एखाद्याच्या नुसताच चहा. अशा मुलाच्या दृष्टीने मधल्या सुट्टीची घंटा हा शाळेच्या दिवसातील केवळ एक विराम नसतो. त्याच्या दिवसाचे पहिले पोटभर जेवण त्या घंटेबरोबर येते. त्याचा खेळही त्याच घंटेबरोबर येतो. पाणी, प्रातर्विधी, मैत्री, भांडण आणि समेट या साऱ्यांना तेवढीच काय ती मोकळीक असते.

असे असूनही वेळापत्रकात सर्वांत कमी विचार होतो तो या वेळेचा. गणिताच्या तासिकेचे नियोजन होते, भाषेचे होते, परिपाठाचेही होते. मधली सुट्टी मात्र ‘दोन तासिकांमधली मोकळी जागा’ म्हणून उरते आणि इतर कामे लांबली की तिच्यातूनच वेळ कापला जातो. ही दृष्टी बदलणे अगत्याचे आहे. मधली सुट्टी हा शालेय दिवसाचा अविभाज्य भाग आहे. तिच्यात जेवणाला आणि खेळाला स्वतंत्र व पुरेसा वेळ मिळणे हा मुलाचा हक्क आहे.

अन्न आले, वेळ वाढला नाही

शाळेत मुलाला खायला द्यावे, ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. मद्रास महानगरपालिकेने १९२५ सालीच आपल्या क्षेत्रातील गरीब मुलांसाठी शाळेतील भोजनाची व्यवस्था केली होती. पुढे मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ पासून ती राज्यभर नेली आणि १९८२ मध्ये मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी तिला व्यापक पोषण आहार कार्यक्रमाचे स्वरूप दिले. महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यातील, जुन्या पिढीला १९७२ च्या दुष्काळात मुलांच्या ओंजळीत पडलेली सुकडी आजही आठवते. त्या पिढीने एक गोष्ट स्वानुभवाने जाणली होती की, भुकेल्या मुलापुढे फळा निरुपयोगी ठरतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शिक्षणास पोषणविषयक साहाय्य देणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. प्रारंभी ८० टक्के उपस्थिती असणाऱ्या विद्यार्थ्याला दरमहा ३ किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळत असे. पिशवीतला तांदूळ घरी गेला की तो साऱ्या कुटुंबात वाटला जाई. मुलाच्या वाट्याला त्यातला किती येई, हे सांगता येत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काविषयीच्या प्रकरणात आदेश दिला की, सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेले अन्न दिले जावे. त्यानंतर शाळाशाळांत चुली पेटल्या आणि खिचडीचा वास वर्गापर्यंत येऊ लागला. पुढे २००८-०९ पासून सहावी ते आठवीच्या वर्गांनाही ही योजना लागू झाली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या भोजनाला वैधानिक आधार दिला. २०२१ मध्ये या योजनेला ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे नाव मिळाले.

योजनेच्या मानकांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी यांतून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावयाची असतात. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी असे असून, त्यातून ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने अपेक्षित आहेत. धान्याचे वजन ठरले, डाळीचे ठरले, तेलाचेही ठरले. परंतु हे अन्न मुलाने किती मिनिटांत खावे आणि खाऊन झाल्यावर त्याला खेळायला किती मिनिटे उरावीत, याचा विचार तेवढ्या बारकाईने झाला नाही. ज्या मधल्या सुट्टीत पूर्वी घरचा डबा पाच-सात मिनिटांत संपवून मुले मैदानात धावत, त्याच सुट्टीत आता शेकडो मुलांची पंगत उठवावयाची असते. अन्न आले, ही फार मोठी गोष्ट घडली. वेळ मात्र अनेक ठिकाणी होता तेवढाच राहिला.

दहा सेकंदांचा हिशेब

हा प्रश्न भावनेचा नाही, साध्या हिशेबाचा आहे. समजा, एका शाळेत १५० मुले आहेत आणि मधली सुट्टी ४० मिनिटांची आहे. खिचडीचे पातेले एकच आणि रांगही एकच. एका मुलाच्या ताटात खिचडी वाढण्यास केवळ १० सेकंद लागतात असे धरले, तरी १५० मुलांना १,५०० सेकंद, म्हणजे २५ मिनिटे लागतात. रांगेतील शेवटच्या मुलाच्या हाती ताट येते तेव्हा सुट्टीची फक्त १५ मिनिटे उरलेली असतात. त्यातच त्याने जेवावे, ताट धुवावे, पाणी प्यावे आणि लघवीला जाऊन यावे. खेळासाठी त्याच्याजवळ एक मिनिटही राहत नाही. रांगेच्या शेवटी बहुधा लहान आणि अबोल मुले असतात, हेही ध्यानी घेतले पाहिजे.

हात धुण्याचा हिशेब याहून कठीण आहे. साबणाने हात नीट धुण्यास प्रत्येकी २० सेकंद धरले, तर एका नळावर १५० मुलांना ५० मिनिटे लागतील. म्हणजे सुट्टीपेक्षा हात धुण्याचा वेळच अधिक! साहजिकच मुले हात न धुता जेवावयास बसतात आणि मोठी माणसे त्यांच्या सवयींना दोष देतात. दोष सवयीचा नाही, नळांच्या संख्येचा आहे.

आता याच शाळेत वाढण्यासाठी तीन रांगा केल्या, तर वाढप साडेआठ मिनिटांच्या आत संपते. भिंतीलगत एक आडवा पाइप टाकून त्याला सहा तोट्या बसविल्या, तर हात धुणेही तेवढ्याच अवधीत उरकते. योजनेच्या निकषांनुसार २५ मुलांपर्यंत एक, १०० मुलांपर्यंत दोन आणि त्यापुढील प्रत्येक १०० मुलांमागे आणखी एक याप्रमाणे स्वयंपाकी तथा मदतनीस नेमता येतात. म्हणजे १५० मुलांच्या शाळेत तीन. तीन रांगांसाठी तीन माणसे निकषातच आहेत. लागते ते थोडे नियोजन आणि एक जादा पातेले. अशा व्यवस्थेत वीस मिनिटे सावकाश जेवूनही मुलांना खेळावयास वेळ राहतो. मात्र त्यासाठी सुट्टी एका तासाची असावी लागते.

वेळ कोठून आणावयाचा?

येथे साहजिकच प्रश्न येतो की, अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा असताना एक तास सुट्टी कशी द्यावी? बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास सांगितले आहेत. ८०० तासांना २०० दिवसांनी भागले की दिवसाचे ४ तास येतात. १,००० तासांना २२० दिवसांनी भागले की ४ तास ३३ मिनिटांच्या आसपास येतात.

सकाळी साडेदहा ते सायंकाळी पाच अशी शाळा भरत असेल, तर दिवसाचे साडेसहा तास होतात. प्राथमिक वर्गांचे ४ तास अध्यापन आणि अर्धा तास परिपाठ वजा केला, तरी दोन तास शिल्लक राहतात. शनिवारची शाळा अर्धा दिवस असल्याने इतर दिवशी थोडे अधिक अध्यापन करावे लागेल, हे खरे. तसे करूनही एक तासाची मधली सुट्टी आणि दहा-दहा मिनिटांच्या दोन लहान सुट्ट्या सहज बसतात. वरच्या वर्गांचे वेळापत्रक काहीसे आवळून आखावे लागते, परंतु एक तासाची सुट्टी तेथेही बसते. कायद्याने मुलाचा श्वास कोंडलेला नाही. तो कोंडला जात असेल, तर वेळापत्रकाच्या आखणीत.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे ठरविले. मुलांची झोप पुरी व्हावी, हा त्यामागील हेतू होता. मुलाच्या शरीराचे घड्याळ पाहून शाळेचे घड्याळ लावावे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले आहे. तेच तत्त्व मधल्या सुट्टीलाही लागू करावयास हवे.

खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे

सात वर्षांच्या मुलाला सलग दीड-दोन तास एका जागी बसवून ठेवले, तर दुसऱ्या तासात त्याच्या कानावर पडणारे शब्द मनापर्यंत पोहोचत नाहीत. हे प्रत्येक शिक्षकाला अनुभवाने ठाऊक आहे. फिनलंडमध्ये सुमारे ४५ मिनिटांच्या प्रत्येक पाठानंतर १५ मिनिटांची सुट्टी देण्याचा प्रघात आहे आणि त्या देशातील शिक्षणाचा लौकिक सर्वश्रुत आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या भूमिकेत म्हटले आहे की, शाळेतील सुट्टी ही मुलाच्या शारीरिक, सामाजिक व बौद्धिक वाढीची गरज आहे आणि शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी ती हिरावून घेऊ नये. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली संमत केलेल्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात विश्रांती, फावला वेळ आणि खेळ यांवरील मुलाचा हक्क नमूद आहे. भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली आहे.

परंतु यासाठी दूर देशी जाण्याचेही कारण नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि १९५७ पासून ते कोसबाड येथे नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी मुले गुरे राखावयास जात आणि म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली. गुरे चरत असताना, झाडाखाली, खेळ आणि गाणी यांच्या सोबतीने मुले शिकू लागली. मुलाला शाळेच्या चौकटीत कोंबण्याऐवजी शाळेने मुलाच्या दिवसाशी जुळवून घ्यावे, हा कुरणशाळेचा धडा आहे. मधल्या सुट्टीचा प्रश्न सोडवितानाही तोच उपयोगी पडतो.

मोकळ्या वेळात मूल काय शिकते? लंगडी, खो-खो, लगोरी, आट्यापाट्या, सागरगोटे आणि ठिक्कर या खेळांना कोणी पंच नसतो. राज्य कोणावर, बाद कोण, हे मुले आपसांत ठरवितात. वाद होतो, कोणी रुसते, कोणी मध्यस्थी करते आणि खेळ पुन्हा सुरू होतो. नियम सर्वांना सारखा असावा, हरणाऱ्याने डाव सोडून पळू नये आणि जिंकणाऱ्याने चिडवू नये, हे नागरिकशास्त्राचे धडे मुले येथे पुस्तकाविना गिरवितात. ग्रामसभेत आपला मुद्दा मांडणाऱ्या आणि दुसऱ्याचा ऐकून घेणाऱ्या नागरिकाची पहिली तालीम बहुधा शाळेच्या अंगणात झालेली असते. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा काही धडे मोबाइलवरून घरोघरी पोहोचले. मधली सुट्टी मात्र पोहोचू शकली नाही. शाळा पुन्हा उघडल्या त्या दिवशी मुले कशासाठी आसुसली होती, हे साऱ्यांनी पाहिले आहे.

सुट्टी काढून घेणे ही शिक्षा नव्हे

गृहपाठ केला नाही, म्हणून मधल्या सुट्टीत वर्गात बसवून ठेवणे ही प्रथा आजही पुष्कळ ठिकाणी दिसते. शिक्षकाचा हेतू वाईट नसतो. अभ्यास भरून निघावा एवढीच त्याची इच्छा असते. पण यात ज्याला चळवळ करण्याची गरज सर्वाधिक, त्याच मुलाला जखडून ठेवले जाते. तेच मूल दुपारच्या तासात अधिक अस्वस्थ होते, पुन्हा बोलणी खाते आणि हळूहळू शाळेलाच कंटाळते. गृहपाठ न करणाऱ्या मुलांत घरी भावंडे सांभाळणारी, पाणी भरणारी, किंवा ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गाव सोडून गेलेली व मागे पडलेली मुले किती असतात, याचाही विचार व्हावा. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. भूक, तहान, लघवी आणि खेळ यांचा वेळ काढून घेणे हे त्या कलमाच्या आशयाशी विसंगत आहे. मागे पडलेल्या मुलासाठी वेगळा वेळ अवश्य काढावा. तो त्याच्या सुट्टीतून काढू नये.

पाणी आणि पंगत

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी साताऱ्यातील आपल्या शालेय जीवनाची आठवण लिहून ठेवली आहे. त्यांना स्वतः नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच सोसावी लागे. बसावयास लागणारे गोणपाटही घरून आणावे लागे. ज्या देशाची राज्यघटना पुढे या विद्यार्थ्याच्या देखरेखीखाली घडली, त्या देशातील प्रत्येक शाळेने मधल्या सुट्टीत दोन गोष्टी रोज तपासाव्यात. एक, नळाला पाणी आहे काय. आणि दुसरी, त्या नळापर्यंत प्रत्येक मूल निःसंकोच जाते काय. पंगतीत कोण कोणाजवळ बसते, स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातचे अन्न कोणी टाळते काय, याकडे शिक्षकाची नजर असावी. सर्व जातिधर्मांची मुले शेजारी शेजारी बसून एकाच पातेल्यातील अन्न खातात, ही या योजनेची फार मोलाची देणगी आहे. शिक्षक, सरपंच आणि अधिकारी अधूनमधून त्याच पंगतीत बसले, तर वेगळा उपदेश करावा लागत नाही.

पाण्याची टंचाई जालना जिल्ह्याला नवी नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्याने फार हाल सोसले. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी मूल तहानलेले राहिले, तर त्याचे डोके दुखते आणि लक्ष उडते. केरळमधील शाळांत २०१९ पासून ठरावीक वेळी ‘पाण्याची घंटा’ देण्याचा उपक्रम सुरू झाला. घंटा झाली की सर्वांनी आपापले पाणी प्यावे, एवढाच तो नियम. त्याला खर्च लागत नाही.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. स्वच्छतागृहाला दार नसेल, आत पाणी नसेल किंवा एकाच स्वच्छतागृहापुढे लांब रांग असेल, तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. वरच्या वर्गांतील मुलींची गैरहजेरी वाढू लागली की कारणांचा शोध पुस्तकांत घेण्यापूर्वी मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाकडे एक फेरी मारावी. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी आणि क्रीडांगण ही कायद्याच्या अनुसूचीतीलच अट आहे.

ताटातील सुरक्षितता

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन येथील शाळेत मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात कीटकनाशक मिसळले गेले होते. कपाशीच्या मुलखात ही घटना कोणी विसरू नये. येथे घरोघरी कीटकनाशकांचे डबे असतात आणि रिकामा झालेला डबा धुऊन वापरात आणण्याची सवयही असते. असा एकही डबा शाळेच्या स्वयंपाकगृहात येऊ नये. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकासह मोठ्या माणसांनी अन्न चाखावे, असा नियम आहे. तो नोंदवहीतील सहीपुरता उरता कामा नये.

शाळेच्या फाटकाबाहेरही मधली सुट्टी असते. एके काळी तेथे बोरे, चिंचा, कैऱ्या आणि शेंगा मिळत. आता त्यांची जागा तेलकट, खारट पुड्यांनी घेतली आहे. अतिरिक्त चरबी, मीठ व साखर असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत करू नये, असे २०२० च्या अन्न सुरक्षा विनियमांत सांगितले आहे. केवळ मनाईने हे साधणार नाही. भाजलेले शेंगदाणे व गूळ, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, हंगामात बोरे आणि या जिल्ह्याची ख्यातनाम मोसंबी असा खाऊ हाताशी असेल, तर पुडीची ओढ आपोआप कमी होईल. तामिळनाडूने सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळांत सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांना लागू केली. उपाशी येणाऱ्या मुलाने दुपारच्या घंटेपर्यंत वाट पाहू नये, हा त्यामागील विचार आहे. गावाने मनावर घेतले, तर सकाळच्या लहान सुट्टीत मूठभर शेंगदाणे व गूळ देणे अशक्य नाही.

कोणी काय करावे?

शिक्षकांनी भोजनाचा वेळ आणि खेळाचा वेळ वेळापत्रकात वेगवेगळा मांडावा. लहान वर्गांना आधी वाढावे. दोन शिक्षकी शाळेत एकाने पंगतीकडे आणि दुसऱ्याने अंगणाकडे पाहावे व आठवड्याने पाळी बदलावी, म्हणजे शिक्षकालाही घास निवांत खाता येईल. खेळात रोज एकटे उभे राहणारे मूल कोणते, हे पाहून ठेवावे. वर्गात न उमगणाऱ्या पुष्कळ गोष्टी त्या एका नजरेत उमगतात. मात्र प्रत्येक खेळ शिकविण्याचा व प्रत्येक भांडण मिटविण्याचा मोह आवरावा. लक्ष असावे, ढवळाढवळ नसावी.

नवीन जालन्यासारख्या दाट वस्तीत शाळेचे अंगण लहान असते. तेथे सर्व वर्गांना एकाच वेळी सोडण्याऐवजी दोन पाळ्यांत सुट्टी द्यावी. ठिक्करीचे चौकोन व सापशिडीचा पट फरशीवर रंगवून घेतला, तर लहान जागेतही अनेक मुले खेळू शकतात.

अधिकाऱ्यांनी शाळा तपासणीला जाताना एकदा तरी मधल्या सुट्टीत जावे. पट, हजेरी व धान्यसाठा यांच्या जोडीला तीन गोष्टी घड्याळ लावून पाहाव्यात : शेवटच्या मुलाला ताट केव्हा मिळाले, हात धुवावयास किती तोट्या आहेत आणि जेवण झाल्यावर मुले किती मिनिटे खेळली. तपासणीत जे विचारले जाते, ते शाळेत घडू लागते, हा प्रशासनाचा जुना अनुभव आहे.

पंचायत सदस्यांच्या हाती तर पुष्कळ आहे. गावाच्या विकास आराखड्यात तोट्यांचा पाइप, स्वच्छतागृहाचे दार व त्यातील पाणी, पंगतीसाठी सावलीचा ओटा आणि अंगणात कडुनिंबाची चार झाडे यांचा समावेश करता येतो. शाळेच्या मैदानावर बांधकामाचे साहित्य, भंगार किंवा वाहने उभी राहणार नाहीत, याची दक्षता घेता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. समितीतील मातांनी आळीपाळीने पंगतीला हजर राहावे. मुलाने काय टाकले आणि का टाकले, हे आईच्या नजरेला जसे दिसते तसे नोंदवहीला दिसत नाही.

मित्रहो, सुट्टीच्या घंटेनंतर क्षणभर शाळेच्या दारात उभे राहावे. जी मुले वर्गात मान खाली घालून बसलेली असतात, तीच हाका मारीत, हसत, धावत बाहेर येतात. त्या आवाजावरून शाळेची परीक्षा करता येते. ज्या शाळेत मूल पोटभर जेवले, मनसोक्त खेळले आणि घंटा होताच न सांगता वर्गात परतले, त्या शाळेत दुपारचा धडा अर्धा शिकवून झालेलाच असतो. मुलाच्या दिवसातील तो एक तास त्याचा त्याला परत देणे, एवढेच काम आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. सहा तोट्या, तीन रांगा, एक घड्याळ आणि मुलाच्या बाजूने घेतलेला एक निर्णय एवढ्यावर ते होण्यासारखे आहे. येत्या सोमवारी आपल्या शाळेतील शेवटच्या मुलाच्या हाती ताट केव्हा येते, तेवढे पाहून या कामाला प्रारंभ करावा.